पापाला पत्ता असतो

प्रवचन करताना ते हसायचे. आमची ख्रिस्ती मंडळी त्यांच्यावर पहिल्यांदा बिथरली ती यावरूनच. पाळकानं पापावर बोलताना आवाज खाली आणावा, डोळे मिटावेत, जमल्यास गळाही दाटून यावा, अशी आमच्याकडची रीत. आणि हे उंच, हाडकुळे गृहस्थ प्रवचनाच्या उंच लाकडी पुलपिटावर चढायचे, शास्त्र उघडायचे आणि एखादी ओळ वाचून असे खदखदून हसायचे, जणू ती त्यांना आजच पहिल्यांदा दिसली.

"पाहा बरं," ते म्हणायचे, "इतकी चांगली गोष्ट लिहून ठेवली आहे, अन् आपण रडत बसलो!"

आणीबाणीच्या आदल्या वर्षी ते साकोलीकडून बदलून आमच्याकडे आले. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून सायकलच्या टप्प्यात. भोवती धान पिकवणारी हिंदू घरं, गावाच्या कडेला मिशनचं आवार आणि त्यात आमची मूठभर ख्रिस्ती कुटुंबं. कुणी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, कुणी नर्स, कुणी वरठीच्या कारखान्यात, बाकीचे शेतमजूर. माझे बाबा शाळामास्तर आणि मंडळीच्या पंचांपैकी एक.

आमचे आजे-पणजे गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायचे. येशूचे झाल्यावर वहाणा पायात आल्या, पण मान खालीच राहिली. माझ्या लहानपणीही आमचे म्हातारे त्या घरासमोर आले की सायकलवरून उतरायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. पाय आपोआप खाली यायचे.

हे नवे पाळक उतरले नाहीत. पहिल्याच आठवड्यात तिथल्या कारभाऱ्यानं ओसरीवरून हाक दिली, "काय पाद्रीबाबा, सायकलवरून उतरता येत नाही काय?"

"येते न जी," हे पायडल मारता मारता म्हणाले, "पण पुन्हा चढाले लय तरास होते."

आणि पन्नास पावलं पुढं गेल्यावर शेण गोळा करणारी एक म्हातारी दिसली तिथं ते उतरले. सायकल स्टँडवर लावली. "काय चाललं वो माय?" म्हणून तिच्याशी निवांत बोलत उभे राहिले. कारभारी पाहत होता. त्यानं पाहावं म्हणूनच ते उभे होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

गावानं त्यांना 'उलटे पाद्री' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "चांगलं आहे. सुलटे लय होऊन गेले."

मी पत्रकांवर वाढले. बाबा बाजाराच्या दिवशी पिशवीभर धर्मपत्रकं घेऊन अड्याळला जात आणि दिसेल त्याच्या हातात देत. उरलेली घरी यायची. त्यांची आमच्या पुस्तकांना कव्हरं लागत, डब्यांच्या तळाशी ती अंथरली जात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. लाल ज्वाळांचं चित्र, खाली पापांची नावं, सगळ्यांत वर गर्व. पुढं भंडाऱ्याला कॉलेजात गेले तेव्हा दुसरी पत्रकं हातात आली. जातीवरची, मजुरीवरची, बायकांच्या हक्कांवरची, सायक्लोस्टाइल केलेली, वाचता वाचता बोटांना शाई लागणारी. पहिल्या पत्रकांनी मला सांगितलं की मी पापी आहे. दुसऱ्यांनी सांगितलं की पाप ही मालक लोकांनी रचलेली थाप आहे. दोन्ही गोष्टी मी सारख्याच जोरानं मान्य केल्या. या दोन गठ्ठ्यांच्या मधे उभं राहायला मला जागा करून दिली ती या माणसानं.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असायची. तिथं लोक उभे राहून आपापली पापं कबूल करत. बिडी ओढली. टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमा पाहिला. रविवारी उपासना सोडून तलावावर मासे धरायला गेलो. तीच माणसं, तीच पापं, तेच शब्द. पाद्रीबाबांनी बरेच महिने ऐकून घेतलं. मग एका बुधवारी एक जण उभा राहून "बिडी..." म्हणाला, तोच त्यांनी हात वर केला.

"बस गा. बिडी पाप नाही, खोकला आहे. सिनेमा पाप नाही, जागरण आहे. आजपासून जुनं पाप चालणार नाही. नवीन असेल त्यानं सांगा, नाही तर घरी जाऊन जेवा."

शेवटी एका मजुरानं अगदी मनापासून विचारलं, "नवीन कुठून आणू जी?"

"आणू नको बाप्पा, आहे ते पाहा. पापाले पत्ता असते. ज्याचं वाईट केलं त्याच्या घराचा पत्ता. ज्याले पत्ताच नाही, ते पाप नाही, पाठांतर आहे."

नंतरचे कितीतरी बुधवार लोक नुसतेच गाणी म्हणून घरी गेले. मग एकदा दवाखान्याचा कंपाउंडर उभा राहिला. भिंतीकडे बघत म्हणाला की गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायका सकाळी सगळ्यांत आधी येऊन बसतात, आणि तो त्यांना सगळ्यांत शेवटी औषध देतो. हात लागू नये म्हणून पुडी वरून सोडतो. सभेत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कारण आम्ही सगळे त्याच वस्तीतून, त्याच रांगेतून उठून इथवर आलो होतो, आणि ते कुणी बोलून दाखवत नसे.

पाद्रीबाबा त्याच्याजवळ गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट फार दिवसांनी पाहुणा भेटावा तसा आनंद होता.

"हे झालं पाप! पत्ता माहीत आहे न?"

"आहे जी."

"मग इथं काहून उभा आहेस?"

आणि कंपाउंडर खरोखरच चपला घालून, सभा चालू असतानाच निघाला. तिथं तो काय बोलला ते कुणाला कळलं नाही. दवाखान्यातली रांग मात्र त्यानंतर सरळ झाली. ती मी स्वतः पाहिली आहे.

आदाम-हव्वेची गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगायचे. साप, फळ, अंजिराची पानं, हे आम्हाला झोपेतही पाठ होतं. ते विचारायचे, "बागेतून हाकलायच्या आधी देवानं कोणतं काम केलं?" दरवर्षी विचारायचे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी चुकायचंच.

"कपडे शिवले!" ते ओरडायचे. "त्या दोघांनी पानं गुंडाळली होती, ती टिकणार होती काय? देव स्वतः खाली बसला, कातड्याचे कपडे शिवले अन् त्यायले घालून देले. शिक्षा देली, नाही म्हणत नाही मी. हाकललं. पण उघडं नाही हाकललं. अन् आपण काय करतो? माणसाले मंडळीत ठेवतो अन् उघडं करतो."

उघडं करण्याची आमची ठरलेली पद्धत होती. तिला 'शिस्त' म्हणत. मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दाराजवळ, सगळ्यांत मागं, पाठ नसलेला एक बाक होता. ज्याच्यावर शिस्त लागली त्यानं त्या बाकावर बसायचं. त्याला प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस नाही. पंचांना पुरेसं वाटलं की एका रविवारी त्यानं पुढं यायचं, बाई असेल तर डोक्यावरून पदर, मान खाली, आणि एक वाक्य म्हणायचं. 'मी घोर पापी असून माझ्या वर्तनाने मंडळीस काळिमा लागला आहे, तरी सर्वांनी मला क्षमा करावी.' पूर्वी ते वाक्य गोऱ्या मिशनऱ्यांच्या मराठीत होतं. माझ्या बाबांनी ते शुद्ध करून दिलं होतं. माझ्या आठवणीत त्या बाकावर बायकाच जास्त बसल्या. पुरुषांची दारू आणि मारझोड पंचांच्या ओसरीवर चहा घेता घेता मिटायची.

पंचांमध्ये मोठे होते रेंजरसाहेब. जंगल खात्यातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, पहिल्या बाकाचे मालक. एकदा पाद्रीबाबा म्हणाले की पापांच्या पत्रकात गर्व पहिला छापतात तो आपल्यासाठी नाही. ज्यांच्याकडं गर्व भरपूर होता त्या लोकांनी तो क्रम लावला. "आपल्या लोकाचं पाप गर्व नाही. आपलं पाप वाकणं आहे. देवानं ताठ बनवलं, अन् आपण दिसेल त्याच्यापुढं वाकलो. देवाच्या कामाची ही बेअदबी आहे." रेंजरसाहेब उपासना संपल्यावर म्हणाले, "मग पोरांना आता गर्व करायला शिकवायचं का?" हे म्हणाले, "थोडा थोडा. सकाळ-संध्याकाळ."

पाद्रीबाबांविरुद्ध नागपूरला मिशनच्या कचेरीत तक्रारी जात, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या प्रकरणानंतर वर्षभरात त्यांची खरोखरच बदली झाली. एस.टी.च्या थांब्यावर आम्ही हार घेऊन गेलो होतो. एक पत्र्याची पेटी, एक छत्री आणि टोपलीत घातलेला कोंबडा एवढा त्यांचा संसार. त्यांनी हार गळ्यात घालून घेतला नाही. "मान वाकवावी लागते. हातात द्या." हातात हार आणि काखेत टोपली घेऊन ते गाडीत चढले. पुढं दोन-तीन वर्षांत ते वारल्याचं कळलं. रडू नये म्हणून मी त्या दिवशी एक पत्रक लिहून काढलं. ते चांगलं नव्हतं.

मी लिहिलेल्या पहिल्या पत्रकाचं पण सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी 'पाप नावाचं थोतांड' असं शीर्षक देऊन, बायकांच्या हातून पाप होतच नाही असं सांगणारी चार पानं लिहिली आणि धावत त्यांच्याकडं गेले. ते एकटे राहायचे, बायको फार आधी वारली होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच त्यांनी कागद धरले आणि सगळे वाचले.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. मग तव्यावरची भाकरी उलटत विचारलं, "मिशनची गाय काल रेंजरसाहेबाच्या वावरात घुसली. सारा लाखोळीचा पाला खाल्ला. पाप केलं काय तिनं?"

"नाही."

"काहून?"

"जनावर आहे ते."

"मग तू बायायले काय बनवून राहिली? त्यायच्या हातून पाप होतच नाही म्हणतेस, म्हणजे त्या गाय झाल्या. पाप कराले अक्कल लागते, निवड लागते. चुकता येणं हा माणसाचा मान आहे बाई. तो मान नको काढू. लाज काढून टाक."

"दोन्ही एकच आहे!"

"एक नाही. पाप माणूस स्वतः करते. लाज त्याच्यावर दुसरे आणून टाकतेत. अन् गंमत अशी की ज्यानं पाप केलं त्याच्यावर टाकतेत असंही नाही. जो गरीब सापडला त्याच्यावर टाकतेत."

मी रागानं सायकल दामटत घरी आले. रात्री शीर्षक खोडलं. त्या वेळी मला ते हरल्यासारखं वाटलं होतं.

आता ताईचं सांगते.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नर्सिंग शिकून वरठीला एका दवाखान्यात लागली होती. तिथं कारखान्यातला एक फिटर हाताला पट्टी बांधायला आला, मग पट्टी नसतानाही येऊ लागला. तो साकोलीकडच्या शेतकरी घरातला. त्याचं लग्न त्यांच्यातल्या मुलीशी ठरलं होतं आणि उन्हाळ्यात ते झालं. ताई पोटुशी घरी परतली. पावसाळ्याच्या तोंडावर तिला मुलगी झाली.

तिच्यावर शिस्त लावण्याचा ठराव पंचांत कुणी मांडला? आमच्या बाबांनी. "माझ्या घराला वेगळा नियम नको," ते म्हणाले. मला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, आणि दोन्हीचं काय करावं ते कळेना. घरात त्यांनी ताईला एक शब्द वाईट बोलला नाही. पण त्या लेकराला त्यांनी हातही लावला नाही.

आईनं शिस्तीचं वाक्य एकदा हळूच ताईपुढं म्हणून दाखवलं. ताई म्हणाली, "चुकली मी, मले माहीत आहे. पण हे नाही म्हणणार. त्या बाकावर नाही बसणार."

आईनं बाळाला छातीशी धरलं. लेकराच्या आईची शिस्त पुरी झाल्याशिवाय त्याचा बाप्तिस्मा होत नसे. बाप्तिस्मा नाही म्हणजे मंडळीच्या लेखी नाव नाही, आणि काही बरंवाईट झालं तर कबरस्तानाच्या भिंतीच्या आत जागा नाही. त्या पावसाळ्यात बाळ सारखं आजारी होतं. दूध पचायचं नाही, अंग तापायचं. सगळ्या घराला ती भिंत दिसत होती.

अशात पाद्रीबाबा आले. चहा घेतला. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. मग सगळ्यांसमोर ताईला विचारलं, "चुकली म्हणतेस. कोणाचं वाईट केलं?"

"देवाचं. मंडळीचं," बाबा म्हणाले.

"मास्तर, तुम्हाले नाही विचारलं."

ताईनं बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "त्या साकोलीच्या पोरीचं. तिचं ठरलं आहे, हे मले पहिल्यापासून माहीत होतं."

"पत्ता आहे?"

"आहे."

त्यांनी बाळ परत दिलं, छत्री उचलली आणि गेले. बाबांना हे बोलणं पोकळ वाटलं असावं. ते उठून शाळेच्या वह्या तपासायला बसले.

धानाची कापणी उरकल्यावर, बाळ जरा सुधारल्यावर, ताई आणि मी साकोलीला गेलो. घरी बाजाराला जातो म्हणून सांगितलं. एस.टी.त ताईनं तोंडावरून पदर ओढून घेतला होता. घर हमरस्त्यापासून आत होतं. अंगणात धान वाळत घातलेलं, आणि ताईपेक्षाही लहान दिसणारी एक मुलगी ते पायांनी फिरवत होती. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

"मी वरठीची नर्स," ताई म्हणाली.

तिचे पाय थांबले. तिनं ताईकडं पाहिलं, मग बाळाकडं.

"हे त्याचं?"

"हो."

"मंग आता काय मांगाले आली?"

"काही नाही. तुमचं ठरलं आहे हे मले माहीत होतं. तरी मी त्याच्या मागं गेली. तुमचं वाईट केलं मी. ते सांगाले आली."

ती पुन्हा धानातून चालू लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिथून म्हणाली, "मी माफ नाही करत तुले."

"बरं."

"कधीच नाही करणार."

"बरं."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की खरा गुन्हेगार कारखान्यात पाना फिरवतो आहे, तुम्ही दोघी कशाला भांडता! पण त्या भांडत नव्हत्याच. ती मुलगी परत जवळ आली.

"तू आली तरी," ती म्हणाली. "त्यानं तर मले अजून काहीच सांगतलं नाही. मी बाहेरून ऐकलं. नाव काय ठेवलं हिचं?"

"नाही ठेवलं अजून."

"इतकी मोठी झाली न! बिना नावाची ठेवतेत काय लेकराले? ठेव न वो."

तिनं आत जाऊन पाण्याचा गडवा आणला आणि तो आमच्यापुढं ठेवून दार लोटून घेतलं. आम्ही पाणी प्यालो आणि निघालो.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली. पदर खांद्यावर होता. मी म्हणाले, "पण माफ तर नाही केलं तिनं."

"ते तिचं आहे," ताई म्हणाली. "माह्यं होतं ते मी देऊन आली."

पाद्रीबाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले. "मागितली म्हणून माफी देलीच पाहिजे असं थोडंच आहे!" मग ताईला म्हणाले, "रविवारी लेकराले घेऊन ये. मागच्या बाकावरच बस. माह्यावर भरोसा ठेव."

त्या रविवारी मंदिराचं दार उघडलं तर पुलपिट दारातच उभं. सागवानी, जड, गोऱ्यांच्या काळातलं ते पुलपिट त्यांनी शनिवारी राईस मिलच्या हमालांना बोलावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आणवलं होतं. लोक अंग चोरून आत शिरले आणि गोंधळून उभे राहिले. बाकांची तोंडं समोरच्या कोऱ्या भिंतीकडं, आणि पाळक पाठीमागं!

"बाक फिरवा," पाद्रीबाबा म्हणाले. "देव इकडूनही ऐकते."

खडखडाट करत बाक फिरले. आता दाराजवळचा तो बिनपाठीचा बाक सगळ्यांत पुढं आला, आणि त्यावर मांडीवर बाळ घेऊन ताई. तिच्या शेजारी मी बसले. रेंजरसाहेबांचा पहिला बाक शेवटचा झाला होता. त्यांनी तो फिरवू दिला नाही. आपल्या जागेवर, आपल्या दिशेनं, पाळकाकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून ते ताठ बसले. सबंध उपासनाभर भिंतीकडं बघत त्यांनी सगळी गीतं म्हटली. आज हसू येतं, पण त्यांच्या ताठपणाचंही मला थोडं कौतुक आहे.

प्रवचनानंतर पाद्रीबाबा खाली उतरले. "शिस्तीखालच्या बहिणीनं उभं राहावं."

ताई उठली. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला.

"राहू दे. मान वर. पाठ केलेलं वाक्य नको, तुह्यं सांग."

ताईनं मान वर केली. "एका पोरीचं लग्न ठरलं आहे हे माहीत असून मी तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या मागं गेली. घरी खोटं बोलली. हे माह्यं पाप आहे. मी साकोलीले तिच्या घरी जाऊन तिले हे सांगून आली. तुमचं मी काही वाईट केलं नाही, म्हणून तुमची माफी मी मागत नाही." मग तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. "अन् हे लेकरू पाप नाही. मले हिची लाज नाही."

कुणीतरी बाकावर चुळबूळ केली. कंपाउंडर मान हलवत होता, होकारार्थी.

"पंचांचं काय म्हणणं आहे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"नियमातलं वाक्य म्हटलेलं नाही!" रेंजरसाहेब भिंतीला म्हणाले.

बाबा उठले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. वर्गात अवघड गणित विचारावं तसं त्यांनी ताईला विचारलं, "साकोलीला तू स्वतः गेलीस?"

"हो बाबा."

"काय म्हणाली ती?"

"माफ नाही करत म्हणाली."

"आणि तरी तू..." बाबांनी वाक्य पुरं केलं नाही. आईनं डोळे मिटून घेतले. बाबा नाही म्हणाले असते तर सगळे पंच नाही म्हणाले असते, हे मंदिरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"रेंजरसाहेब," बाबा म्हणाले, "ते वाक्य मी लिहिलं होतं. मी ते खोडतो. शिस्त पुरी झाली."

रेंजरसाहेब भिंतीकडंच पाहत राहिले. बाकीच्या पंचांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग हात वर केले. एकानं तर दोन्ही.

पाद्रीबाबांनी पुलपिटामागून पितळी वाटी काढली. पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं. त्यांनी बाळाचं टोपडं काढलं. "नाव?"

"उज्ज्वला," ताई इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरच्या कोंबड्या दचकल्या.

पाणी डोक्यावर पडताच बाळानं जो सूर लावला त्यानं मंदिर दणाणलं, आणि पाद्रीबाबा वाटी हातात धरून खो खो हसत सुटले. आमच्यात बाप्तिस्म्यानंतर पाळक लेकराला घरातल्या वडील माणसाच्या हाती देतो. त्यांनी ओरडणारं ते ओलं गाठोडं बाबांपुढं धरलं. पाच महिन्यांत बाबांनी तिला पहिल्यांदा घेतलं. त्यांनी तिला शालीत गुंडाळलं नाही, छातीशी दडवलं नाही. दोन्ही हातांवर, सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि पुलपिटाला वळसा घालून ते दारातून बाहेर पडले. आम्ही मागं धावलो.

"मास्तर!" पाद्रीबाबा ओल्या हातानं टोपडं हलवत दारात आले. "टोपडं राहिलं न!"

"असू द्या," बाबा मागं न वळता म्हणाले. "तोंड दिसू द्या तिचं."

मंदिरामागच्या पाऊलवाटेनं आमचं घर दोन मिनिटांवर होतं. बाबा गावातल्या, मालगुजाराच्या घरासमोरून जाणाऱ्या रस्त्यानं निघाले.